३३६ चं बुशिंग आणि अंगठ्याने आत गेलेली गोळी

रीलोडिंगच्या, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत परत काडतुसं भरण्याच्या, एका डायचा हा रिव्ह्यू. आधी झालं काय ते सांगतो, रिव्ह्यू मागाहून. पॉइंट ३०८ साठी, म्हणजे ०.३०८ इंची गोळीसाठी, नवीन बुशिंग डाय आली (डाय म्हणजे प्रेसमध्ये पुंगळी दाबून मापात आणणारा साचा, बुशिंग म्हणजे त्यातली मान आवळणारी बदलता येणारी कडी), पुस्तिकेत लिहिलंय तसं बुशिंग निवडलं, पाच डमी बनवल्या, म्हणजे प्रायमर नाही पावडर नाही, नुसती पुंगळी आणि तिच्यात गोळी. दिसायला एकदम झकास. सवयीने त्यातली एक उचलली, गोळीचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि मागून अंगठ्याने दाबलं. गोळी आत गेली राव. झटका नाही, आवाज नाही, सरळ आत. कॅलिपर लावला तर २.८०० इंचाचा डमी २.७७१ झालेला. म्हणजे नवी कोरी डाय, मिरर फिनिश, मखमली डबा, आणि गोळी धरायची ताकद शून्य.

डमी होता म्हणून हसलो. भरलेलं काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना गोळी अशी मागे सरकली तर आतली जागा कमी होते आणि प्रेशर वर जातं, तिथे हसायचं काही नसतं. म्हणून पहिलं वाक्य आधीच लिहून ठेवतो: डाय चांगली आहे, पण नुसती डाय घेऊन नेक टेन्शन मिळत नाही. सहा महिने वापरून झाल्यावर लिहितोय त्यामुळे जरा लांबेल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. नेक टेन्शन म्हणजे पुंगळीच्या मानेने गोळीला धरलेली पकड. ती मोजायची सोपी रीत म्हणजे मानेचं आतलं माप गोळीच्या मापापेक्षा किती बारीक आहे ते बघायचं, आणि हा हिशोब थाऊमध्ये चालतो, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५ मायक्रॉन, केसापेक्षाही बारीक. बोल्ट ॲक्शनवाले, म्हणजे दर शॉटला हाताने बोल्ट ओढणारे, साधारण १ ते ३ थाऊमध्ये खेळतात, सेमी ऑटोवाले, ज्यांची रायफल पुढचं काडतूस आपणच भरते, जास्तीकडे राहतात कारण तिथे काडतूस आपटत आपटत चेंबरमध्ये जातं. आता गंमत अशी की आपण मोजतो फरक आणि म्हणतो पकड, आणि या दोन गोष्टी एकच नाहीत. माझे सहा महिने या वाक्यातच गेले.

डायबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रार डायची कमी आणि पुस्तिकेची जास्त आहे आणि मला कुणाशी भांडायचं नाही. फुल लेंग्थ डाय, म्हणजे मानेबरोबर सगळी पुंगळी मापात आणणारी, वरच्या बाजूला बुशिंग बसतं, ७/८-१४ चे नेहमीचे आटे त्यामुळे कुठल्याही साध्या प्रेसमध्ये जाते. बॉडीचं काम खरंच सुरेख आहे, शोल्डर, म्हणजे पुंगळीचा मानेखालचा उतार, मागे ढकलायला अजिबात त्रास नाही, दीड थाऊवर सेट केली ती आजपर्यंत तिथेच आहे. लूब म्हणजे वंगण नीट लावलं की पुंगळी अडकत नाही, सहा महिन्यांत एकदाही नाही, आणि माझ्या जुन्या डायमध्ये तीन अडकून एकीचं बूड रिम फाटेपर्यंत ओढून काढलेलं आहे. पण बुशिंग डब्यात येत नाही. ते वेगळं घ्यायचं. बॉक्सवर हे लिहिलंय पण असं लिहिलंय की दुर्बीण लावून वाचावं.

जुन्या साध्या डायपेक्षा फरक काय ते सांगतो. साधी डाय बनवणाऱ्याला माहीत नसतं तुमचं ब्रास, म्हणजे पुंगळीचं पितळ, जाड आहे की पातळ, म्हणून तो मान गरजेपेक्षा बरीच जास्त आवळतो म्हणजे सगळ्यात पातळ ब्रासवाल्याचंही काम झालं पाहिजे, आणि मग बाहेर निघताना एक्स्पँडर बॉल, म्हणजे डायमधला छोटा गोळा, मानेतून ओढत नेऊन ती परत फुगवतो. आवळ, फुगव, आवळ, फुगव. ब्रास कडक होतं, आणि बॉल खालून वर ओढला जातो त्यात मान ताणली जाते आणि कधीकधी वाकडीही होते. लूब आत लावलं नसेल तर तो जो कर्रर्र आवाज येतो तो ऐकून दात आंबतात. बुशिंग डायमध्ये आपण ठरवतो किती आवळायचं. कल्पना म्हणून शंभर टक्के बरोबर.

आता पुस्तिका. ती म्हणते, गोळी बसवलेल्या काडतुसाची मान बाहेरून मोजा, त्यातून २ थाऊ वजा करा, तेवढ्या नंबरचं बुशिंग घ्या. माझ्या ब्रासची मान १५ थाऊ जाडीची, दोन्ही बाजू मिळून ३०, अधिक गोळी ३०८, झालं ३३८. दोन गेले ३३६. घेतलं. आणि वर सांगितलं तसं अंगठ्याने गोळी आत.

कारण पितळ परत फिरतं. ३३६ च्या बुशिंगमधून मान निघाली की ती थोडी उलगडते, माझ्या त्या बऱ्याच वेळा फायर झालेल्या ब्रासमध्ये जवळजवळ एक थाऊ. म्हणजे मान झाली ३३७, आतून ३०७, आणि गोळी ३०८. हातात आला फक्त एक थाऊ, तोही कागदावर, कारण मान सगळीकडे सारख्या जाडीची नसते. नवीन मऊ ब्रास असतं तर उलगड कमी झाली असती आणि पुस्तिकेचं गणित कदाचित जमलंही असतं. पण पुस्तिकेत ब्रासच्या वयाबद्दल एक ओळ नाही. एक ओळ लिहायला काय जात होतं?

मग केलं काय, जे सगळे करतात तेच. अजून बुशिंग मागवली. ३३५, ३३४, आणि कशाला कमी पडायला नको म्हणून ३३३ पण. ३३५ ने गोळी धरायला लागली, पण सीट करताना, म्हणजे गोळी मानेत बसवताना, प्रेसच्या हँडलवर प्रत्येक वेळी वेगळं जाणवायचं. एक गोळी मऊ, पुढची कडक, त्याच्या पुढची अर्ध्यापर्यंत मऊ आणि मग एकदम कडक. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल काय म्हणतोय, हाताला जे कळतं ते कॅलिपरला कळत नाही.

आमच्याबरोबर नेमबाजी करणारा एक दादा आहे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षं जास्त पुंगळ्या हाताळलेला. त्याला फोन केला, म्हटलं दादा बुशिंग बदलून बदलून थकलो. तो म्हणाला, "अरे तू मानेला बाहेरून माप देतोयस, गोळी बसते आतून." बस एवढंच. फोन ठेवला आणि डोक्यात ट्यूब पेटली.

बुशिंग बाहेरून दाबतं, त्यामुळे बाहेरचा गोल अगदी शिस्तीत येतो आणि मानेच्या जाडीतला जो काही उंचसखलपणा आहे तो सगळा आत ढकलला जातो, म्हणजे नेमका जिथे गोळी बसणार तिथे. मँड्रेल उलटं करतं. आतून एक गुळगुळीत गोल सळई जाते, आतलं माप नीट होतं आणि उंचसखलपणा बाहेर जातो, जिथे चेंबरमध्ये जागा असते आणि कुणाला फरक पडत नाही. तर शेवटचा हात आतून लागायला हवा. मँड्रेलची वेगळी डाय घेतली. मँड्रेल साधारण दोन मापांत मिळतात, एक गोळीपेक्षा १ थाऊ बारीक आणि दुसरं, जे नेक टर्निंगसाठी, म्हणजे मान बाहेरून तासायला, म्हणून विकतात, ते २ थाऊ बारीक. मी दुसरं घेतलं, ३०६.

आणि इथे परत आपटलो. बुशिंग ३३५ तेच ठेवलं, वरून मँड्रेल फिरवलं, फरक काहीच नाही. बघा का ते. ३३५ ची मान उलगडून ३३६ झाली, म्हणजे आतून आधीच ३०६. मँड्रेलही ३०६. सळई नुसती आत जाऊन फिरून आली, पितळाला हातच लागला नाही. मँड्रेलला काम हवं असेल तर बुशिंगने आधी थोडं जास्त आवळून ठेवायला लागतं. ३३४ लावलं, मान ३३५, आतून ३०५, मग मँड्रेल तिला उघडतं, आणि सळई बाहेर आल्यावर पितळ आता उलट्या दिशेने, म्हणजे आत, अर्धा थाऊ येतं. शेवटचं आतलं माप ३०५.५ च्या आसपास आणि टेन्शन अडीच थाऊ. त्या दिवशी पहिल्यांदा वीसच्या वीस गोळ्या हँडलवर एकसारख्या बसल्या. खोटं नाही सांगत, वीस झाल्यावर उगाच अजून एक बसवली, फक्त हाताला ते परत जाणवावं म्हणून.

तर माझं मत असं झालंय की बुशिंग म्हणजे पूर्वतयारी आणि मँड्रेल म्हणजे काम. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर जुनी साधी डाय ठेवा, तिचा एक्स्पँडर बॉल काढून टाका, आणि मँड्रेल घ्या. ब्रास जरा जास्त आवळलं जाईल, जरा लवकर कडक होईल, पण आतलं माप शेवटी मँड्रेलच देईल. बुशिंग डाय त्यानंतर. मी उलट क्रमाने गेलो आणि ड्रॉवरमध्ये चार बुशिंगं पडली.

आता या डायचे बारीकसारीक. बुशिंगच्या वरचा स्टेम पूर्ण आवळायचा नाही, आवळून मग एवढासा मागे सोडायचा म्हणजे बुशिंग मोकळं राहतं आणि मानेप्रमाणे स्वतःची जागा शोधतं. डाय हातात घेऊन हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज यायला पाहिजे. मी पहिला आठवडा ते घट्ट करून वापरलं कारण आवाज आला की मला वाटायचं काहीतरी सैल राहिलंय. दुसरं, बुशिंगच्या तोंडाला उतार असतो त्यामुळे मान अगदी शोल्डरपर्यंत आवळली जात नाही, खाली एक छोटी पट्टी तशीच राहते. दिसते पण, प्रकाशात धरलं की पायरीसारखी. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट ती पट्टी काडतुसाला चेंबरमध्ये मधोमध धरते असं मानणारे लोक आहेत. तिसरं, मान एकदम खूप आवळू नका. माझी फायर झालेली मान ३४३, तिथून थेट ३३४ म्हणजे एका दमात ९ थाऊ, आणि रनआउट गेज, म्हणजे गोळी किती वाकडी बसलीय ते दाखवणारं यंत्र, लावला तर गोळीचं टोक चार थाऊ डुलत होतं. मधे ३३९ चं एक बुशिंग टाकून दोन टप्प्यांत केलं तर दीडवर आलं. म्हणजे अजून एक बुशिंग आणि प्रत्येक पुंगळी प्रेसमध्ये दोनदा, मँड्रेल धरून तीनदा. शंभर पुंगळ्या करायच्या असल्या की खांदा सांगतो तीनशे.

बुशिंग साधं स्टीलचं आणि सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचं असं दोन्ही मिळतं. सोनेरी जरा सरसर जातं, पण मला विचाराल तर मानेला बोटाने लूबचा नुसता वास लावला तरी स्टीलचंच चालतं. तो पैसा मँड्रेलमध्ये घाला.

कुणी विचारेल मग कोलेट डाय का नाही. लीची कोलेट डाय माझ्याकडे होती, कल्पना भारी आहे, आत मँड्रेल ठेवून बाहेरून कोलेटच्या पाकळ्या मान त्याच्यावर दाबतात, लूब नको, बुशिंग नको, आणि जाडीचा फरक आपोआप बाहेर जातो. ती फक्त मान करते, शोल्डर आणि बॉडी नाही, मग दोनतीन फायरनंतर बोल्ट जड व्हायला लागला की फुल लेंग्थ डायकडे यावंच लागतं. आणि हँडलवर किती जोर द्यायचा ते हाताच्या सवयीवर आहे. ज्यांचा हात बसलाय त्यांना ती सोडवत नाही, माझा बसला नाही.

आता पकड आणि माप एक नाही म्हटलं होतं त्याकडे येतो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि ते दर फायरला, दर साइझिंगला कडक होत जातं. कडक पितळ जास्त उलगडतं. त्यामुळे तेच बुशिंग, तेच मँड्रेल, पण पहिल्या फायरची पुंगळी आणि सहाव्या फायरची पुंगळी दोन वेगळी टेन्शन देतात. माझ्या डब्यात सगळं मिसळलेलं होतं, कुठली किती वेळा झाली कुणाला ठाऊक, आणि मी शिव्या डायला देत होतो. आता प्रत्येक पन्नासचा वेगळा डबा, डब्यावर चिठ्ठी, दर वेळी एक रेघ. ॲनीलिंगही सुरू केलं, म्हणजे मान आणि शोल्डर तापवून मऊ करायचं. यात एकच गोष्ट डोक्यात कोरून ठेवा, बूड कधीही तापू द्यायचं नाही, बूड मऊ झालेली पुंगळी म्हणजे चेहऱ्यासमोरचा धोका, अशी शंका आली तर ती पुंगळी चेपून भंगारात. दर फायरनंतर केलं तर मान दर वेळी एकसारखी वागते, कधीतरी आठवलं की केलं तर न केल्यासारखंच.

आणि अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टीलच्या पिना घालून पाण्यात पुंगळ्या धुतल्या, आतून सोन्यासारख्या चमकल्या, फोटो काढले. आणि गोळ्या बसवताना चक्क किंचाळायला लागल्या. मानेतली काजळी गेली की पितळावर तांबं कोरडं घासतं, त्या काजळीचं वंगण होतं. माप तेच, अडीच थाऊ, पण हँडलला दुप्पट जोर. एक गोळी परत ओढून काढली तर तिच्या जॅकेटवर उभे ओरखडे. आता मी पिना सोडल्या, सुक्या मीडियात टंबल करतो, मानेत नायलॉनचा ब्रश दोन वेळा फिरवतो, आणि नवीन कोरं ब्रास असेल तर तोंड सुक्या ग्राफाइटमध्ये बुडवून घेतो. तोंडाच्या आतली कडही चॅम्फरने मोडून घ्यायची, नाहीतर ती कड गोळीचा कीस काढते, अक्षरशः तांब्याचे कुरळे केस सीटिंग डायमध्ये सापडतात.

जास्त टेन्शन म्हणजे जास्त पकड का, तर एका मर्यादेपर्यंतच. ३३३ वापरून मँड्रेल न घालता करून पाहिलं, कागदावर चार थाऊ. पण मान तेवढी ताणून धरूच शकत नाही, गोळी आत जाताना स्वतःच मान फुगवते, म्हणजे गोळीलाच एक्स्पँडर केलं. पकड थोडीशीच वाढली आणि रनआउट बिघडला. तीनच्या वर जाण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

मोजायचं कशाने हाही प्रश्न आहे. साध्या डिजिटल कॅलिपरची स्वतःची चूकच एक थाऊपर्यंत असते, त्याने दोन थाऊचं टेन्शन मोजणं म्हणजे मापट्याने सोनं तोलणं. बाहेरून मायक्रोमीटर, आतून पिन गेज, म्हणजे ठरलेल्या मापाच्या सळया. माझ्या ३३४ च्या बुशिंगमधून येणारी मान आणि बुशिंगवरचा आकडा यांचा मेळ मायक्रोमीटर आल्यावरच लागला. बुशिंगवर कोरलेला नंबर हा शेवटी नंबर आहे, तुमच्या पितळावर काय उतरतं ते मोजूनच कळतं.

रेंजवर काय झालं. शंभर मीटरवर खरं सांगायचं तर काही नाही. ग्रूप, म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, आधीही ठीक होते, आताही ठीक आहेत, एवढ्या अंतरावर वेगातला थोडा फरक कागदावर दिसतच नाही. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मात्र वेगातली तफावत कमी झाली, आणि लांब अंतरावर उभी पसरण, म्हणजे वरखाली पडणारे शॉट, ते आवळले. पाच शॉटचा आकडा बघून नाचू नका, मी नाचलो होतो, पुढच्या वीस शॉटांनी जमिनीवर आणलं. आणि टेन्शन बदललं की जुना लोड, म्हणजे पावडरचं जुनं माप, तसाच्या तसा वापरू नका, मॅन्युअल उघडा, खाली या, परत हळूहळू वर चढा. पकड बदलली की प्रेशर बदलू शकतं.

मार्क द्यायचे तर डायच्या घडणीला पाचात साडेचार, पुस्तिकेला एक, बुशिंग डब्यात न देण्याला शून्य. मँड्रेल डायला पूर्ण पाच. फक्त शंभर दोनशे मीटरवर मारणार असाल, वर्षाला दोनतीनशे राउंड, तर यातलं काही घेऊ नका, जुन्या डायचा बॉल पॉलिश करा, मानेत आतून लूब लावा आणि मजा करा.

ते ३३६ चं बुशिंग दादाने नेलं. त्याच्या ब्रासची मान माझ्यापेक्षा एक थाऊ जाड, गोळी बसवल्यावर ३४० भरते. रायफल तीच, गोळी तीच, मँड्रेलही ३०६ चंच, आणि त्याच्याकडे ते ३३६ अगदी जागच्या जागी बसलंय. परवा त्याने मुद्दाम माझ्यासमोर एक डमी टेबलाच्या कडेला लावून अंगठ्याने दाबला. हलला नाही. माझ्याकडे बघून हसला फक्त.